ब्रिमासाठी रांधलेला पाला

गवंड्याने बांधलेली भिंत मागे राहते, शिंप्याने शिवलेला सदरा निदान काही वर्षे टिकतो. आचाऱ्याचे काम दिवस मावळण्याच्या आत संपते, भांडी घासून पालथी पडतात आणि आपण दिवसभर काय केले याची खूण कुठेही उरत नाही. त्यामुळे या अंकासाठी आखातातील माझ्या नोकरीविषयी लिहावे असे संपादकांनी सुचवले, तेव्हा दाखवण्यासारखे माझ्यापाशी काहीच नव्हते. बराच विचार केल्यावर एक भाजी आठवली. ती आपल्या मुलुखातली नव्हे. एका आईच्या सांगण्यावरून मी ती शारजाच्या एका भटारखान्यात रांधली. तिची चव मला आजही ठाऊक नाही, आणि ती ज्याच्यासाठी रांधली त्याचे काय झाले, हेही मला कोणी सांगू शकलेले नाही.

माझे शिक्षण कृष्णाकाठच्या एका पाठशाळेत झाले. काव्य, व्याकरण आणि थोडे धर्मशास्त्र एवढे गुरुजींनी शिकवले. त्याच पाठशाळेच्या मुदपाकखान्याने स्वयंपाक शिकवला. पुढे प्रपंच चालवायची वेळ आली तेव्हा व्याकरणापेक्षा वरणाला मागणी अधिक असल्याचे दिसून आले. नव्वदच्या दशकाच्या आरंभी शारजाच्या औद्योगिक वसाहतीतील एका केटरिंग कंपनीला शाकाहारी विभागासाठी मुख्य आचारी हवा होता. मी गेलो. बांधकामांवरच्या मजुरांचे जेवण आमच्याकडून मोठमोठ्या पिंपांतून जात असे. भटारखान्याच्या मधोमध भिंत होती. पलीकडे मांसमच्छी, अलीकडे आम्ही. मला सगळे 'महाराज' म्हणत. आमचे किचन मॅनेजर कुट्टी केरळचे, स्थूल देहाचे, तोंडाने फटकळ आणि मनाने मऊ.

मोठ्या प्रमाणावरचा स्वयंपाक म्हणजे घरच्या स्वयंपाकाचा गुणाकार, अशी बाहेरच्यांची समजूत असते. तसे नाही. दहा माणसांचे मीठ मोजून त्याची सरळ पट केली तर शेकडो माणसांचे वरण खारट होते. मोठ्या भांड्यातले पाणी सावकाश आटते, तळाशी आच साठते, मसाल्याचा वास कोंडून तीव्र होतो. घरी चूक झाली तर एक माणूस कुरकुरतो. आमच्याकडे चूक झाली की उन्हात राबून आलेली अख्खी वसाहत ताट खाली ठेवते. तो आवाज मी एकदा ऐकला आहे. पुन्हा ऐकण्याची इच्छा नाही.

त्यात माझी एक रीत इतरांना विचित्र वाटे. रांधणाऱ्याने पदार्थ चाखायचा नाही, असा आमच्या पाठशाळेचा दंडक होता. अन्न आधी देवापुढे जायचे, मग पंगतीत, आणि शेवटी आपल्या ताटात. शिजतानाच जिभेला लावले तर ते उष्टे झाले. मीठमसाला नाकाने ओळखायचा, डोळ्यांनी पारखायचा, पळी फिरवताना हाताला जाणवणाऱ्या जडपणावरून दाटपणा ठरवायचा. परदेशात गेलो म्हणून मी ही रीत सोडली नाही. एकदा मुख्य कार्यालयातून सावंत नावाचा तरुण अधिकारी तपासणीला आला. मुलगा मुंबईचा, सालस.

"काका, प्रोसिजर आहे," तो म्हणाला. "प्रत्येक बॅच कुकने टेस्ट करायची आणि साइन करायचं."

"सही करीन, बाळ. चाखणार मात्र नाही."

कुट्टी मध्ये पडले. "सर, नो प्रॉब्लेम. महाराज बनाएगा, मैं खाएगा. जिंदा रहा तो उसका साइन, मर गया तो मेरा साइन."

सावंत हसला आणि तोडगा मान्य झाला. पुढे माझ्या हातचा प्रत्येक पदार्थ कुट्टींनी चाखला आणि त्याचा परिणाम त्यांच्या देहावर दिसत राहिला.

शुक्रवारच्या सुट्टीच्या दिवशी मी दुबईत, बर दुबईत आणि करामा भागात, मराठी कुटुंबांकडे श्राद्धाचा स्वयंपाक आणि अडल्यास विधीही करीत असे. तिथी आणि नोकरी यांचे तिथे कायमचे वैर. एका गृहस्थांनी मला विचारले, "गुरुजी, बाबांची तिथी बुधवारी येते, पण बुधवारी क्लायंट मीटिंग आहे. शुक्रवारी चालेल ना?" मी म्हटले, "पितरांना वीकेंड नसतो." पण घरचा माणूस नोकरीत अडचणीत यावा अशी कोणत्या पितरांची इच्छा असेल? शुक्रवारी केले. त्यांच्या लहान मुलीने पिंडांकडे टक लावून पाहत विचारले, "बट हाऊ विल आजोबा फाइंड अवर फ्लॅट?" आईने तिला दटावले. मला तो प्रश्न योग्य वाटला. मी सांगितले की विधीत नाव आणि गोत्र उच्चारतात, त्याने अन्न पोहोचते. ती म्हणाली, "ओके." त्या वेळी मलाही ते उत्तर पुरेसे वाटले होते.

इसातूबाई आमच्याच आवारातल्या लाँड्रीत कामाला होत्या. धुतलेल्या एप्रनांचे गठ्ठे घेऊन रोज भटारखान्यात येत. त्या सिएरा लिओनच्या. हा देश पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर आहे हे मी कुट्टींच्या खोलीतल्या नकाशावर पाहिले. तिथे एका लेबनीज व्यापारी कुटुंबाकडे त्या घरकाम करीत. यादवी युद्ध भडकले तसे ते कुटुंब शारजाला आले आणि येताना बाईंना घेऊन आले. पुढे ते कॅनडाला गेले, बाई मागे राहिल्या. एकुलता मुलगा ब्रिमा तिकडे राजधानीत, फ्रीटाऊनमध्ये, मावशीजवळ राहून मोटारदुरुस्तीचे काम शिकत होता. त्यांच्या देशात वडीलधाऱ्या पुरुषाला 'पा' म्हणतात. म्हणून मी त्यांचा 'पा महाराज' झालो. हिंदी त्यांनी लाँड्रीतल्या बिहारी मुलांकडून उचलली होती, तिला व्याकरण नव्हते, पण अडत काही नसे.

एका गणेशचतुर्थीला मी मराठी कामगारांसाठी अळूची पातळ भाजी केली होती. केरळी दुकानातून पाने मागवली, त्यात डाळ आणि भिजवलेले शेंगदाणे घातले. बाई गठ्ठा ठेवून थबकल्या आणि विचारल्याशिवाय झाकण उचलले.

"पत्ता और ग्राउंडनट," त्या म्हणाल्या. "पा, ये मेरे घर का खाना है. तुमको किसने बताया?"

मग त्यांनी त्यांच्या भाजीचे वर्णन केले. तिला 'प्लासास' म्हणतात. कसाव्याची कोवळी पाने कुटायची, खूप वेळ उकळायची, लाल पामतेल आणि तिखट मिरची घालायची आणि भाजलेल्या दाण्यांचा लगदा इतका घालायचा की पाल्याला तेल सुटेल. वर भात. कसावा म्हणजे काय हे मला कळेना. कुट्टी म्हणाले, "अरे, हमारा कप्पा. जिसकी जड़ से तुम्हारा साबूदाना बनता है." जन्मभराच्या माझ्या एकादश्या त्या झाडाच्या मुळावर निघाल्या होत्या आणि झाडाला पाने असतात याचा विचारही मी कधी केला नव्हता.

"पण तुम्ही चाखलंत का?" असा प्रश्न बाईंनी आपल्या हिंदीत केला. नाही म्हटल्यावर त्या खो खो हसल्या. "मेरे गाँव में बिना चखे पकाने वाले से लोग डरते हैं, पा. बोलेंगे, ज़हर डाला है. हम तो पकाते-पकाते आधा पेट खा लेते हैं." नंतर थोड्या गंभीर होऊन म्हणाल्या की एक स्वयंपाक मात्र त्यांच्याकडेही कोणी चाखत नाही. मृतासाठी रांधतात तो. त्याची वाटी बाजूला काढून ठेवीपर्यंत जिवंत माणसाची जीभ त्या भांड्याला लागता कामा नये. लागली तर ते त्याचे अन्न राहत नाही.

हे ऐकून मला एखादा विसरलेला नातेवाईक भेटल्यासारखे वाटले. बाई गठ्ठा उचलून निघून गेल्या.

त्यानंतरच्या हिवाळ्यात त्यांच्या बहिणीचा फोन आला. तो शेजारच्या देशातल्या निर्वासितांच्या छावणीतून होता. बंडखोर राजधानीत शिरले होते, वस्त्या जळाल्या होत्या. ब्रिमा गॅरेजच्या मालकाला आणायला म्हणून बाहेर पडला आणि परतला नाही. एका शेजाऱ्याने पुलाजवळ पडलेल्या प्रेतांत त्याचा सदरा ओळखला असे सांगितले. दुसऱ्या एका बाईने बंडखोरांनी ओढून नेलेल्या पोरांच्या ट्रकमध्ये त्याला पाहिल्याचे सांगितले. दोन्ही बातम्या ऐकीव. बहिणीने दोन्ही सांगितल्या आणि कार्ड संपून फोन बंद पडला.

बाईंनी काम सोडले नाही. एप्रन येत राहिले, घड्या पूर्वीसारख्याच नेटक्या. बोलणे तेवढे थांबले.

दुबईच्या देरा भागात त्यांच्या देशाची काही माणसे होती. त्यांत कामारा नावाचे वृद्ध गृहस्थ एका कार्गो कचेरीत माल बांधण्याचे काम करीत आणि आपल्या लोकांची नमाज-प्रार्थनाही चालवीत. कडक, सरळ आणि सगळ्यांना आदरणीय. त्यांनी निर्णय दिला की मुलगा गेला. चाळिसाव्या दिवशी लोकांना जेवू घालायचे, त्याची वाटी बाजूला ठेवायची, दुवा मागायची. नाहीतर तो भुकेला भटकेल आणि त्याचे पाप आईला लागेल. बाईंच्या खोलीत विजेची एक शेगडी तेवढी होती. म्हणून त्या माझ्याकडे आल्या. भटारखाना मिळेल का, एवढेच विचारायला आल्या असाव्यात, पण बसल्या आणि म्हणाल्या, "पा, तुम मरे हुए लोगों का खाना बनाते हो. तुम्हारा बुक क्या बोलता है? जिसको किसी ने देखा नहीं, वो मरा कि नहीं?"

धर्मशास्त्र मी मान खाली घालून शिकलो होतो. कोणी मला असे समोर बसून त्यातले काही विचारील असे वाटले नव्हते. मी सांगितले की आमच्याकडे परांगदा झालेल्या माणसाची बारा वर्षे वाट पाहतात. तोवर त्याचे श्राद्ध नाही, बायकोने कुंकू पुसायचे नाही. बारा वर्षांनी पळसाच्या देठांची प्रतिमा करून तिला अग्नी देतात आणि मग पुढचे सर्व करतात.

"बारह साल," त्या म्हणाल्या. मग विचारले, "ये बुक किसी माँ ने लिखा?"

"नहीं, बहन. सब आदमी लोगों ने लिखा."

"अच्छा," त्या म्हणाल्या. "तो किसी आदमी ने अपनी माँ से पूछ के लिखा होगा."

तरीही त्यांनी कामारांचा शब्द मोडला नाही. परक्या देशात आजारपणाला, मयताला जी चार माणसे धावून येतात ती हीच होती, आणि ती सगळी त्या म्हाताऱ्याच्या शब्दावर चालत. शुक्रवारी दुपारी बांधकामे बंद असल्याने भटारखाना मोकळा असे. कुट्टींनी शाकाहारी बाजू देऊ केली. मी एक अट घातली: या बाजूला मासळी किंवा मांस येणार नाही. त्यांच्या प्लासासात सुकी मासळी घालतातच, हे मला ठाऊक होते. बाई म्हणाल्या, "चलेगा. युद्ध के टाइम में मछली कहाँ थी? ब्रिमा ने बहुत दिन ऐसे ही खाया है. ग्राउंडनट ज़्यादा डालो."

पाला मिळवणे सोपे नव्हते. कुट्टींचा एक आप्त अबू धाबीजवळ खलिफा सिटीत एका बंगल्यावर माळी होता. त्याने कुंपणालगत कप्पा लावला होता. ओल्या गोणपाटात गुंडाळून तो पाने घेऊन बसने आला. पाने हाताच्या पंजासारखी, पाच-सात बोटांची. बाईंनी मला बजावले की ही पाने कच्ची विषारी असतात. कुटून, भरपूर उकळून त्यांतला दोष घालवावा लागतो. आमच्याकडे यंत्र होते, पण त्यांनी फ्रीटाऊनहून आणलेले लाकडी उखळ काढले. त्यात पाने घालून उभ्याने मुसळ चालवू लागल्या. एका हाताने वर फेकायचे, दुसऱ्याने झेलायचे. तो ताल थांबला नाही. हिरवा, कडवट, डोळ्यांत जाणारा वास भटारखानाभर पसरला.

दाणे माझ्याकडे होते. मंद आचेवर, घाई न करता, आतपर्यंत खरपूस होतील असे भाजले. सुपात चोळून फोलपटे उडवली. मग कुटाच्या पलीकडे, तेल सुटून लोण्यासारखे होईपर्यंत वाटले. तो लगदा तसाच भांड्यात टाकला तर गोळे होतात. आधी गरम पाण्यात सैल करावा लागतो. कुटलेला पाला पहिल्या पाण्यात उकळून ते पाणी टाकले, दुसऱ्या पाण्यात पुन्हा चढवला. वाफेतला कच्चेपणा हळूहळू कमी होत गेला. मग कांदा, मिरची आणि लाल तेल. शेवटी दाणे. दाणे पडल्यावर पळी थांबवता येत नाही. तळ क्षणात धरतो. हिरवा रंग काळसर झाला, दाटपणा आला आणि कडेने तांबूस तेल वर चढू लागले.

"हो गया?" मी विचारले.

त्यांनी वाकून वास घेतला. "हो गया."

रांधत असता आम्ही दोघांनीही भांड्याला जीभ लावली नव्हती. दोन देश, दोन धर्म, आणि नियम एकच. मला त्याविषयी मनात नम्रता वाटत होती. कुट्टींनीही त्या दिवशी चाखण्याचा हट्ट धरला नाही.

पाहुणे आले. कामारा पांढऱ्या झग्यात, मागे आठ-दहा माणसे, दोघी बायका. जेवणघरात चटया अंथरल्या. प्रार्थना झाली. मी एक कोरी वाटी धुऊन ठेवली होती, ती बाईंच्या हाताशी सरकवली. भात, भाजी मध्ये ठेवली.

"यल्ला, सिस्टर," कामारा हळू आवाजात म्हणाले. 'यल्ला' म्हणजे चला; पुढचे ते मला आणि कुट्टींना समजावे म्हणून हिंदीत बोलत असावेत. "उसका बाउल निकालो."

बाईंनी पळी उचलली. वाटीपर्यंत नेली. मग हात वळवून दुसऱ्या तळहातावर थोडी भाजी घेतली आणि ती तोंडात घातली. चावली, गिळली.

"नमक कम है, पा," त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या.

कामारांचा चेहरा राखेसारखा झाला. "तुमने खराब कर दिया," ते म्हणाले. "अब ये उसका खाना नहीं है."

"हाँ. ये सबका खाना है. बैठो, खाओ."

"लड़का भूखा रहेगा, इसातू."

"मेरा लड़का कहीं खा रहा होगा. जो मिलेगा, खाएगा. वो नखरा नहीं करता."

"खलास हो गया है, सिस्टर. लड़का खलास."

"तुमने देखा?"

"नहीं."

"मैंने भी नहीं देखा." त्यांनी वाटीत भाजी वाढली आणि ती वाटी आपल्यासमोर ओढून घेतली. "ठंडा हो रहा है. खाओ."

कामारा उठले. त्यांनी चप्पल घातली, दाराकडे गेले. त्यांच्यामागे बहुतेक सगळे गेले. एक बाई आणि दोन तरुण पुरुष राहिले, तेही मान खाली घालून. मी मीठ आणून घातले आणि पळी फिरवली. कुट्टी चटईवर बसले. बसायला त्यांना जड जाई. "हमारा कप्पा है," ते म्हणाले, "मैं कैसे छोड़ूँ?" आणि जेवू लागले. मग ती तीन माणसेही जेवली.

बाईंनी माझ्यासमोर ताट ठेवले. त्या अन्नात निषिद्ध असे काही नव्हते. सगळे माझ्याच हातचे, माझ्याच बाजूला शिजलेले. तरी हात पुढे होईना. मृताच्या संकल्पाने चढवलेले भांडे आईच्या एका घासाने जिवंताचे होते का, याचा निर्णय माझ्याच्याने होत नव्हता. पंचेंद्रियांनी ओळखता येईल असे त्यात काही नव्हते.

"तुम भी कामारा के साथ, पा?"

"नहीं, बहन," मी म्हटले. "मैं किसी के साथ नहीं."

त्यांनी ताट उचलून कुट्टींसमोर ठेवले. रागाने नव्हे.

त्यानंतर देऱ्याच्या लोकांनी बाईंकडे येणे सोडले. ईदचे बोलावणे आले नाही. त्यांना ताप आला तेव्हा लाँड्रीतल्या बिहारी मुलांनी पेज नेऊन दिली; पेज मी करून दिली होती. सुट्टीच्या दिवशी त्या फोनकार्ड विकत घेत आणि आवाराच्या फाटकाबाहेरच्या फोनवर बहिणीच्या छावणीशी संपर्क साधत. कधी लागे, कधी लागत नसे. परतताना भटारखान्यावरून जात, आणि मी काही विचारायच्या आत मान हलवीत.

काही वर्षांनी तिकडचे युद्ध संपले. ती बातमी कुट्टींनी वर्तमानपत्रात वाचून दाखवली. बाईंनी नोकरी सोडली आणि निघाल्या. निरोप घेताना त्या आनंदात नव्हत्या, दुःखीही नव्हत्या. बाजाराला जाणाऱ्या बाईसारख्या घाईत होत्या. पोहोचल्यावर भटारखान्यात फोन करीन म्हणाल्या.

एकदा फोन आला. मीच घेतला. घर उरले नव्हते. शस्त्रे खाली ठेवलेल्या मुलांच्या छावण्या होत्या, तिथे त्या एकेक फिरत होत्या. "बहुत लड़के हैं, पा," त्या म्हणाल्या. "कुछ अपना नाम नहीं बताते. शरम से, डर से. मैं सबका मुँह देखती हूँ. पाँच साल में लड़के का मुँह बदल जाता है न?" मी हो म्हटले. पुढचे बोलणे खरखरीत बुडाले.

पुन्हा फोन आला नाही. वर्षभरात आमचा भटारखाना दुसऱ्या जागी गेला, क्रमांक बदलला. कुट्टी म्हणाले, बाईंनी जुन्या क्रमांकावर फोन केला तर? आणि ते नवा क्रमांक द्यायला मुद्दाम देऱ्याला कामारांच्या कचेरीत जाऊन आले. त्यानंतर एका शुक्रवारी कामारा स्वतः आमच्याकडे आले. म्हातारे वाकले होते. चहा दिला, तो त्यांनी घेतला.

"फोन आया?"

"नहीं."

"मेरे पास भी नहीं." बराच वेळ कप हातात धरून ते बसले. "मैंने उस दिन ठीक बोला था, महाराज. कायदे से ठीक था. तुम्हारे यहाँ भी यही कायदा है न?"

"आमच्याकडे बारा वर्षं थांबतात," मी हिंदीत सांगितले.

"बारह." त्यांनी कप खाली ठेवला. "मुझे मालूम होता तो मैं उसको बोलता." मग विचारले, "खाना अच्छा बना था?"

मी म्हटले, "मला ठाऊक नाही. कुट्टींना विचारा." कुट्टी आतून म्हणाले, "फर्स्ट क्लास." कामारांनी मान हलवली आणि ते उठले. त्यानंतरही ते अधूनमधून येत, तोच प्रश्न विचारीत आणि चहा घेऊन जात. मी आखात सोडले तेव्हा त्यांनी मला त्यांच्या भाषेत आशीर्वाद दिला. त्यात ब्रिमाचे नाव मला ऐकू आले. कोणत्या अर्थाने घेतले ते मी विचारले नाही.

आता मी घरी असतो. स्वयंपाक पत्नी करते आणि चाखून करते. त्याने देवाचे काही बिघडल्याचे दिसले नाही. सर्वपित्री अमावास्येला मी तर्पण करतो. आधी आपले कूळ, मग गुरू, मग स्नेही. परदेशात वारलेल्या काही मजुरांची नावे मला आठवतात. त्यांच्यासाठी पाणी सोडतो. गोत्र ठाऊक नसेल तर काश्यप म्हणावे, अशी सोय शास्त्राने करून ठेवली आहे. कुट्टी गेले, त्यांच्यासाठीही सोडतो. त्यांना ते कळले तर ते काहीतरी फटकळ बोलतील याची मला खात्री आहे.

त्यानंतर एक नाव येते आणि मी थांबतो. गेल्या खेपेला पत्नीने विचारले, "अडलात का?"

"एक नाव आहे."

"मग घ्या की."

तिला सगळे ठाऊक आहे. ती म्हणाली, "तुमची बारा वर्षं कधीच झाली."

"झाली."

"मग?"

"त्याच्या आईचा निरोप आलेला नाही."

ओंजळीतले पाणी बोटांच्या फटींतून गळत होते. उरले तेवढे मी ताम्हनात न सोडता परत तांब्यात ओतले. असे करण्याला शास्त्रात आधार नाही.